हाकेला ओ: दोन ते सात वर्षांच्या मुलांना घरी आज्ञापालन शिकवताना

‘आमचं मूल ऐकत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा तक्रार कानांची नसते. सांगितलेलं करत नाही, एवढंच म्हणायचं असतं. मराठीत ऐकणं आणि आज्ञा मानणं या दोन्हींसाठी एकच शब्द चालतो. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मूळ भाषांतही तसंच आहे. हिब्रूतल्या ‘शामा’चा अर्थ ऐकणं, आणि आज्ञा पाळणंही तोच. नव्या करारात इफिसकरांस ६:१ मध्ये मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगताना जो ग्रीक शब्द आला आहे, त्याच्या पोटातही ‘ऐकणं’ हाच धातू आहे. म्हणून लहान मुलाला आज्ञापालन शिकवायचं तर सुरुवात कानापासून करावी: हाक मारली की ओ द्यायची. बाकीचं सगळं या एका सवयीवर उभं राहतं.

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातला क्रमही लक्षात घ्या. ‘हे इस्राएला, श्रवण कर’ हे आधी मोठ्यांना सांगितलं आहे. मग ही वचनं तुमच्या हृदयात असू द्या, आणि त्यानंतर मुलाबाळांच्या मनावर बिंबवा. आई किंवा पप्पा कोणाचंच ऐकत नाहीत असं मुलाला घरात दिसत असेल, तर खालची एकही कृती टिकणार नाही.

नियम किती असावेत

तीन. चार वर्षांपुढच्या मुलाला फार तर पाच. घरात वीस नियम असले की मोठ्यांनाही ते आठवत नाहीत, मग ज्याला ज्या दिवशी जे आठवेल त्यावरून ओरडा बसतो. मुलाला यातून एवढंच कळतं की नियम माणसाच्या मूडवर असतात.

पहिला नियम: हाक आली की ओ द्यायची आणि यायचं. दुसरा: कुणाला मारायचं नाही, चावायचं नाही. तिसरा तुमच्या घराच्या गरजेप्रमाणे ठरवा. रस्त्यालगत घर असेल तर ‘मोठ्यांचा हात धरल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायचं नाही’, गॅसच्या ओट्यापाशी धावपळ होत असेल तर ‘स्वयंपाकघरात पळायचं नाही’. तीन चित्रं काढून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर दाराला चिकटवा. कान, हात, उंबरा एवढं पुरे. वाचता न येणाऱ्या मुलालाही ते दाखवून विचारता येतं, ‘हे काय सांगतंय?’

नियम ठरवताना आजी-आजोबांना बरोबर घ्या. आई ‘नाही’ म्हणाली आणि आजीने पदराखालून बिस्किट दिलं, तर मूल आज्ञा मोडायला शिकत नाही, माणसं निवडायला शिकतं, आणि ते जास्त अवघड दुखणं आहे. आजीला सगळं सोडायला सांगू नका, तिचे लाड तिचे राहू देत. फक्त या तीन गोष्टींवर घरातल्या सगळ्या मोठ्यांचं उत्तर एक असावं. मतभेद झाला तर तो मुलासमोर नको, रात्री मूल झोपल्यावर बोला.

सूचना द्यायची कशी

न ऐकण्याचे बरेच प्रसंग सूचना चुकीची दिल्यामुळे होतात. हा क्रम पंधरा दिवस न चुकता पाळून पाहा:

१. मुलाच्या हाताच्या अंतरावर जा. स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजात मारलेली हाक धरू नका.

२. खाली बसा किंवा गुडघा टेका, म्हणजे डोळे समोरासमोर येतील. नावाने हाक मारा: ‘रूथ.’ ती वर बघून ‘ओ’ म्हणेपर्यंत पुढे काही बोलू नका.

३. पाच-सात शब्दांत एकच गोष्ट सांगा: ‘ठोकळे डब्यात भर.’ दोन वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच काम, तीन-साडेतीनला दोन, पाचच्या पुढे तीन कामं सलग सांगितली तरी चालतात.

४. सांगून झाल्यावर थांबा. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. या वेळात पुन्हा सांगायचं नाही, समजावायचं नाही. लहान मुलाला ऐकलेलं मनात वळवून हातापायांपर्यंत न्यायला वेळ लागतो. आपण दुसऱ्या सेकंदाला पुन्हा बोललो की ते जुळवणं मोडतं.

५. मूल हललं नाही, तर हात धरून काम बरोबर सुरू करा. पहिला ठोकळा त्याच्या हाताने डब्यात जाऊ दे. रागाने ओढत न्यायचं नाही, पण सोडूनही द्यायचं नाही.

६. काम झालं की नेमकं काय चांगलं झालं ते सांगा: ‘पहिल्या हाकेला ओ दिलीस.’ ‘किती शहाणी गं माझी’ याने मूल खूश होतं, पण उद्या काय करायचं ते त्याला कळत नाही.

पाचवी पायरी सगळ्यात जास्त गळते, आणि तीच गळली की सगळं गळतं. काम पुरं करून घ्यायला आत्ता तुमच्याकडे दोन मिनिटं नसतील तर सूचनाच देऊ नका. दिवसाला दहा सूचना, पण दहाही पुऱ्या झालेल्या, हे शंभर हवेत विरलेल्या सूचनांपेक्षा चांगलं.

काही चुका घरोघरी सारख्याच दिसतात. ‘जेवायला यायचं का?’ असं विचारलं तर तो प्रश्न आहे आणि ‘नाही’ हे त्याचं खरं उत्तर. पर्याय नसेल तर प्रश्न विचारू नका, ‘ताटावर चल’ म्हणा. पर्याय द्यायचाच तर दोन्ही तुम्हाला चालतील असे द्या: ‘आधी हात धुणार की आधी पाट मांडणार?’ दुसरी चूक ‘नको’ची. ‘पळू नको’ ऐकताना लहान मुलाच्या डोक्यात ‘पळ’च राहतं. ‘चालत ये’ सांगितलं की काय करायचं ते दिसतं. तिसरी ‘एक… दोन… तीन’. यातून मूल एवढंच शिकतं की तीनपर्यंत ऐकायची गरज नाही. रस्त्यावर समोरून टेम्पो येत असताना तीनपर्यंत मोजायला सवड नसते. चौथी लाचेची. मूल रडायला लागल्यावर ‘उगी, चॉकलेट देते’ म्हटलं की पुढच्या वेळी रडणं लवकर सुरू होतं. आधीच ठरवलेलं बक्षीस वेगळं, पण तेही महिन्याभरात मागे घेता आलं पाहिजे.

मोबाइल हे आजच्या घरातलं सगळ्यात कठीण ठिकाण. मधेच हिसकावून घेतला तर आकांत होणारच. हातात देण्यापूर्वी ठरवा: ‘दोन गोष्टी बघायच्या, मग बंद.’ दुसरी सुरू झाली की जवळ जाऊन सांगा, ‘ही शेवटची.’ संपली की बटण मुलाच्या बोटाने दाबून घ्या आणि फोन त्याच्या हाताने तुमच्या हातात येऊ दे. बंद करणं हीसुद्धा त्याने पाळलेली आज्ञा ठरते. त्यानंतर लगेच हाताला दुसरं काम हवं: मटार सोलणं, कपड्यांच्या चिमट्या मोजणं, काहीही चालेल.

शमुवेलाची रात्र

ओ देणं शिकवायला १ शमुवेल ३ सारखी दुसरी गोष्ट नाही. मूल शमुवेलाला लगेच ओळखतं, कारण तोही लहान आहे, अंथरुणावर आहे आणि रात्रीची हाक येते आहे, देवाची. तो तीन वेळा उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, धावतो. तिन्ही वेळा चुकीच्या माणसाकडे, पण तिन्ही वेळा लगेच. चौथ्या हाकेला त्याला काय म्हणायचं ते ठाऊक असतं: ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’

गोष्ट वाचून दाखवण्याआधी खेळून दाखवा. सतरंजी अंथरा, मुलाला त्यावर झोपवा आणि दिवे मंद करा. आजोबा एली होऊन दुसऱ्या खोलीत बसतील. आईने दाराआडून हळू हाक मारायची, ‘शमुवेल, शमुवेल.’ मुलाने उठून धावत आजोबांकडे जायचं. आजोबा म्हणतील, ‘मी नाही हाक मारली, जा, झोप.’ असं तीनदा. चौथ्यांदा मूल सतरंजीवर बसून ते वाक्य म्हणेल. खेळाला सात-आठ मिनिटं लागतात आणि तीन वर्षांचं मूल तो सलग पाच रात्री पुन्हा मागतं. मागू द्या. सहाव्या दिवशी सकाळी साध्या कामासाठी हाक मारताना ‘शमुवेल!’ म्हणून बघा, धावत येईल.

एक खबरदारी घ्या. आईबापाची हाक म्हणजेच देवाची हाक, असा अर्थ या खेळातून निघू देऊ नका. शमुवेल एलीचं ऐकायला शिकला होता, म्हणून देवाचं ऐकताना त्याचे कान तयार होते. नातं एवढंच आहे. आणि याच अध्यायात देव एलीबद्दल काय म्हणतो तेही पालकांनी एकट्याने वाचावं. आपले मुलगे वाईट वागताहेत हे ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरलं नाही. त्याआधीच्या अध्यायात एली मुलांना बोलताना दिसतो, पण ते मुलगे मोठे झाल्यावर आणि नुसतं बोलून. आपल्या पाचव्या पायरीचं मोल इथे कळतं.

दोन-सात वयाला चालणाऱ्या आणखी गोष्टी: नोहा, देवाने सांगितलं तसं सगळं करणारा (उत्पत्ती ६:२२). पुरापेक्षा तारवातली जनावरं, मापं आणि दार यांवर भर द्या. योना, सांगितलेल्या दिशेच्या उलट जाणारा, आणि तरी देवाने दुसऱ्यांदा पाठवलेला. मत्तय २१ मधले दोन मुलगे, एक ‘नाही’ म्हणून गेलेला आणि एक ‘जातो’ म्हणून न गेलेला. पाच वर्षांचं मूल यावर खरंच वाद घालतं, घालू द्या. आणि लूक २:५१, म्हणजे बारा वर्षांचा येशू मंदिरातून परत आल्यावर नासरेथात आईबापांच्या आज्ञेत राहिला. मुलाला हे वचन फार जवळचं वाटतं, कारण येशूलाही घरी कामाला हाक येत असेल हे त्याला कळतं.

अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवल्याची गोष्ट या वयाला आज्ञापालनाचा धडा म्हणून सांगू नये. मूल स्वतःला इसहाकाच्या जागी ठेवतं आणि रात्री झोपत नाही. त्या गोष्टीची वेळ पुढे येईल.

दिवसातल्या चार वेळा

अनुवाद ६:७ मध्ये वेळापत्रकच दिलं आहे: घरी बसता, वाटेने चालता, झोपता, उठता. वेगळा तास काढायची गरज नाही.

सकाळी उठवताना ओरडून उठवू नका. पाठीवर हात ठेवा, नाव घ्या, एका वाक्याची प्रार्थना करा: ‘प्रभू, आज रूथच्या कानांना ऐकायला मदत कर आणि माझ्या जिभेला गोड बोलायला.’ दुसरा अर्धा भाग सोडू नका. वाटेने, म्हणजे बालवाडीपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत, वचनाचं पाठांतर होतं. तीन वर्षांच्या मुलाला तीन-चार शब्द पुरेत, ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ एवढंच. चारच्या पुढे पूर्ण ओळ. महिन्याला एकच वचन घ्या. संडे स्कूलमध्ये दर आठवड्याला नवं वचन देतात, ते तिथे ठीक आहे, पण घरी सावकाशी हवी. टाळीच्या ठेक्यावर, पावलागणिक एक शब्द असं म्हटलं की बसतं. बोटांवर पत्ताही म्हणून घ्या: ‘इफिसकरांस, सहा, एक.’

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना ही तिसरी वेळ, आणि बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. कारण साधं आहे. प्रार्थना मोठ्यांच्या मापाने चालते. अर्धा तास, तीन गीतं, पूर्ण अध्याय आणि आजोबांची लांब प्रार्थना, यात चार वर्षांचं मूल चुळबुळ करणारच, आणि मग प्रार्थनेतच त्याला चिमटा बसतो. लहानांचा भाग आधी आणि वेगळा ठेवा: एक गीत (खंजिरी किंवा टाळ मुलाच्या हातात), चार-पाच वचनांची गोष्ट, एक प्रश्न, मुलाची एका वाक्याची प्रार्थना, सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, आमेन. तीन वर्षांखाली हे सगळं पाच मिनिटांत, पाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत उरकावं. मग मूल खेळायला मोकळं, मोठ्यांनी आपली उपासना पुढे चालवावी. घरी जपमाळ म्हणण्याची रीत असेल, तर लहानांना एका दशकापुरतं, म्हणजे दहा मण्यांपुरतं, बसवा आणि मणी मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. गीत आणि प्रार्थना जेवणाआधी घ्या. जेवण झालं की डोळे मिटतात.

प्रार्थनेत एक गोष्ट कधीही करू नका: ‘हे प्रभू, आमच्या अनुग्रहला सुबुद्धी दे, तो आज फार हट्ट करत होता, बहिणीला मारत होता.’ आजी-आजोबा, काका-काकूंसमोर डोळे मिटून केलेली ही चहाडी आहे. मुलाला ती बरोबर कळते, आणि देवासमोर बसणं म्हणजे अपमान होणं अशी गाठ मनात बसते. मुलासाठी मागायचं ते एकट्याने मागा. सर्वांसमोर त्याच्यासाठी आभार माना.

तसंच वचन शिक्षा म्हणून लिहायला लावू नका, आणि ‘आता कोपऱ्यात बसून प्रार्थना कर’ असंही म्हणू नका. ज्याची गोडी लावायची तेच शिक्षेच्या यादीत टाकलं तर ती गोडी लागायची कशी?

‘देव बघतोय’

हे वाक्य घरोघरी धाक म्हणून वापरलं जातं. ‘येशूला असली मुलं आवडत नाहीत’ हे त्याहून वाईट, आणि ते खरंही नाही. शिष्यांनी बाळांना अडवलं तेव्हा येशूला राग आला तो शिष्यांचा, आणि त्याने त्या बाळांना कवेत घेतलं (मार्क १०:१४-१६). त्या वेळी ती बाळं शांत बसली होती की नाही, याबद्दल शास्त्र काही सांगत नाही.

मला पाहणारा देव, हे नाव पवित्र शास्त्रात येतं ते हागारेच्या तोंडी (उत्पत्ती १६:१३). छळाला कंटाळून रानात पळालेली, गरोदर, एकटी बाई. तिच्यासाठी देवाचं बघणं हा आधार होता. घरात हे वाक्य वापरायचं तर तसंच वापरा. कुणी बघत नसताना मुलाने धाकट्या भावाला अर्धा लाडू दिला, तेव्हा म्हणा, ‘देवाने पाहिलं बरं.’

आज्ञा मोडल्यावर

आधी एक ओळखा: मूल करत नाहीये, की त्याला आत्ता करताच येत नाहीये? भूक, झोप, ताप, नवी जागा, घरात पाहुण्यांची गर्दी यांपैकी काही असेल तर शिस्त थांबवा आणि आधी पोट भरा किंवा झोपवा. दोन वर्षांचं मूल जमिनीवर लोळून रडतं तेव्हा त्याला तुमचे शब्द ऐकूच जात नाहीत. जवळ बसा, डोकं आपटणार नाही एवढं बघा, आवाज खाली ठेवा आणि थांबा. रडं ओसरल्यावर पाणी द्या, मग मूळ काम छोट्या मापात पुरं करून घ्या. दहा ठोकळ्यांऐवजी दोन.

समजून-उमजून मोडलं असेल तर परिणाम त्या कृतीशीच जोडलेला हवा. खेळणं फेकलं, तर ते उद्या सकाळपर्यंत कपाटावर. दूध मुद्दाम सांडलं, तर फडकं घेऊन त्यानेच पुसायचं, जमेल तसं. भावाला मारलं, तर खेळ थांबवून दोन-तीन मिनिटं मोठ्यांच्या शेजारी बसायचं, अंधाऱ्या खोलीत नाही. ‘रविवारी बागेत नेणार नाही’ ही मंगळवारी दिलेली शिक्षा तीन वर्षांच्या मुलाला पोचतच नाही, आणि रविवारी ती तुम्हीही विसरता.

त्यानंतर समेट. याची एक ठरलेली वाट घालून ठेवा, दर वेळी तीच. काय झालं? (‘मी दादाला मारलं.’) काय ठरलं होतं? (‘मारायचं नाही.’) दादाकडे जाऊन ‘चुकलं माझं’ म्हणायचं. मग एक वाक्य देवाला: ‘प्रभू, मला क्षमा कर आणि मदत कर.’ मग मिठी, आणि राहिलेलं काम पुरं. सगळं तीन मिनिटांत. मूल ‘चुकलं’ म्हणायला तयार नसेल तर ते शब्द त्याच्या तोंडून ओढून काढू नका. तुम्ही त्याच्या वतीने दादाला म्हणा, ‘याच्या हातून चुकलं.’ काही आठवड्यांत ते स्वतः म्हणू लागतं. आणि क्षमा झाली की विषय मिटला. संध्याकाळी पप्पा कामावरून आल्याबरोबर ‘आज तुमच्या लेकाने काय केलं माहीत आहे का?’ हे नको. एका गुन्ह्याची दोनदा शिक्षा होते ती, आणि क्षमा म्हणजे फक्त म्हणायची गोष्ट असं मूल शिकतं.

छडीचा प्रश्न टाळता येणार नाही. छडी आवरणारा आपल्या मुलाचा वैरी, हे नीतिसूत्रे १३:२४ पुढे करून मुलांना मारणारे आणि ते श्रद्धेचं काम समजणारे पालक आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: मारू नये. मार खाल्लेलं लहान मूल आपण काय केलं याचा विचार करत नाही. कुणी मारलं आणि पुढच्या वेळी कसं सापडायचं नाही, याचा करतं. मारणारा हात बहुतेक वेळा रागात उठलेला असतो, आणि माणसाच्या रागाने देवाच्या नीतिमत्त्वाचं काम होत नाही, असं याकोब १:२० सांगतं. त्याच शास्त्रात मेंढपाळाच्या हातातल्या काठीबद्दल दावीद म्हणतो, ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ (स्तोत्रसंहिता २३:४). ती काठी वाट दाखवायला आणि लांडग्याला हाकलायला असते. शिस्त लावायची, ती याच अर्थाने.

इफिसकरांस ६ मधलं पहिलं वचन मुलांना पाठ असतं. चौथं बापांसाठी आहे: ‘आपल्या मुलांना चिरडीस आणू नका.’ चिरडीला येणं हा जुना, नेमका शब्द आहे. सतत टोकून, तुलना करून, चारचौघांत हसून मूल रडकुंडीला येतं ना, ती अवस्था. ‘बघ, शेजारचा कसा गपचूप जेवतो’ हे वाक्य त्यातलंच. कलस्सैकरांस ३:२१ परिणामही सांगतं: मुलं खिन्न होतील, म्हणजे प्रयत्नच सोडतील. आठवडाभर स्वतःच्या तोंडची वाक्यं मोजून पाहा. टोकणारी वाक्यं कौतुकाच्या वाक्यांहून जास्त भरली, तर पुढच्या आठवड्यात मुलाला काही नवं शिकवू नका, स्वतःचंच माप बदला.

कोणाचं ऐकायचं नाही

जे मूल सगळ्यांचं सगळं ऐकतं, ते सुरक्षित नसतं. आज्ञापालन शिकवतानाच, चौथ्या वर्षापासून, त्याची हद्दही शिकवावी लागते. निर्गम १ मधल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींना मिसरच्या राजाने, फारोने, बाळांना मारायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि देवाने त्यांचं भलं केलं. ही गोष्ट मुलांना फार आवडते, कारण यात राजा हरतो.

मग थेट बोला: ‘कुणी मोठ्या माणसाने, काकांनी, सरांनी, चर्चमधल्या कुणीही, तुझ्या चड्डीच्या आतल्या जागेला हात लावला किंवा आईला सांगू नको म्हटलं, तर त्यांचं ऐकायचं नाही. जोरात नाही म्हणायचं, पळायचं आणि मला सांगायचं. मी रागावणार नाही.’ शेवटचं वाक्य दर वेळी म्हणा. डॉक्टर तपासतात तेव्हा आई किंवा पप्पा जवळ असतात, हाही फरक सांगा. घरात ‘गुपित’ हा खेळ नको. वाढदिवसाची गंमत असते, ती दोन दिवसांत सगळ्यांना कळते. जे कधीच कुणाला सांगायचं नाही, ते गुपित वाईट. आणि पाहुण्यांच्या मांडीवर बसायची, पापी द्यायची सक्ती करू नका. हात जोडून ‘सलाम’ म्हटलं की आदर झाला. मुलाने काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा, माणूस मंडळीतला मान्यवर असला तरी. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा फोन देशभर चालतो.

रविवारी

दीड-दोन तासांच्या उपासनेत शांत बसणं हे घरी सराव न करता येत नाही. आठवड्यात तीनदा, घरी सतरंजीवर तीन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसायचा खेळ खेळा, दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. चर्चला निघताना पोट भरलेलं असावं, लघवी झालेली असावी. पिशवीत कोरा कागद, चार खडू, पाण्याची बाटली ठेवा. कुरकुरीत पुडा नको, त्याचा आवाज प्रवचनापेक्षा मोठा होतो. मागच्या बाकावर बसण्यापेक्षा पुढे, कडेला बसा. मागून मुलाला फक्त पाठी दिसतात. गीताला उभं करा, प्रार्थनेला कानात सांगा ‘आता आपण देवाशी बोलतोय’, आणि प्रवचनाच्या वेळी चित्र काढू द्या. रडू फुटलं तर बाहेर न्या, शांत झालं की परत आत आणा. बाहेर गेल्यावर खेळायला सोडलंत, तर पुढच्या रविवारी रडं दहा मिनिटं आधी येईल.

आईबापाकडून चुकतं तेव्हा

चुकेलच. थकवा असतो, पगाराची काळजी असते, हात उठतो, तोंडातून नको ते जातं. मग तोच समेटाचा रस्ता, मुलासमोर, उलट बाजूने: ‘मी तुझ्यावर ओरडले. ओरडायचं नाही असं ठरलं होतं. चुकलं माझं.’ यात ‘पण तू पण…’ जोडायचं नाही. यामुळे मूल डोक्यावर बसेल अशी भीती वाटते, तसं होत नाही. आई कोणाच्या तरी आज्ञेत आहे हे त्याला पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसतं.

सगळं नीट केलं तरी मूल घडेलच असा करार देवाने कुणाशी केलेला नाही. ज्या शमुवेलाची गोष्ट आपण रात्री खेळतो, त्याचे स्वतःचे मुलगे त्याच्या वाटेने चालले नाहीत (१ शमुवेल ८:३). नीतिसूत्रांतली वचनं शहाणपण सांगतात, हमीपत्र देत नाहीत. मूल वळलं नाही म्हणून मंडळीत मान खाली घालणाऱ्या आईबापांना कुणीतरी हे सांगायला हवं.

चौथी वेळ रात्रीची. झोपवताना दिवसाचा हिशेब काढू नका. मुलाच्या डोक्यावर हात ठेवा आणि गणना ६:२४ मधला आशीर्वाद त्याचं नाव घालून म्हणा: ‘रूथ, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो.’ ज्या दिवशी एकही हाक ऐकली गेली नाही, त्या रात्रीही तेच शब्द, तेवढ्याच मऊ आवाजात. मग दिवा बंद करा.